पिकांची रोगप्रतिकारक प्रथिनं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न दोन प्रकारच्या लोकांकडून येतात. एक म्हणजे हातकणंगले, शिरोळ, करवीरकडचे शेतकरी. सोयाबीनच्या पानाखाली तांबूस भुकटी दिसली की फोटो येतो आणि खाली ओळ असते: "प्रतिकारक म्हणून घेतलेला वाण, मग हे काय?" दुसरे म्हणजे कृषी पदवीचे आणि शिवाजी विद्यापीठात वनस्पतिशास्त्र शिकणारे विद्यार्थी. त्यांना प्रथिनाची रचना परीक्षेपुरती हवी असते. दोघांची उत्तरं मुद्दाम वेगळी ठेवलेली नाहीत, कारण शेतकऱ्याच्या प्रश्नाचं उत्तर विद्यार्थ्याच्या अभ्यासक्रमातच दडलेलं आहे. एकदा आलेली गोष्ट पुन्हा लिहिलेली नाही, तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. झाडालाही आपल्यासारखी प्रतिकारशक्ती असते का? मग लस का देता येत नाही?

असते, पण आपल्यासारखी नाही. झाडाच्या अंगात फिरत्या पांढऱ्या पेशी नाहीत, प्रतिपिंडं नाहीत. प्रत्येक पेशीला स्वतःचं रक्षण स्वतःच करावं लागतं. नवा जंतू आला की माणसाचं शरीर त्याच्यासाठी नवं प्रतिपिंड घडवतं. झाडाला ही सोय नाही. जंतू ओळखणारी प्रथिनं कोणती, हे बियातल्या जनुकांनी आधीच ठरवलेलं असतं आणि पेरल्यावर त्या यादीत भर पडत नाही.

एका पानावरचा हल्ला परतवला की सॅलिसिलिक आम्लाच्या मार्गाने बाकीचं झाडही काही काळ सावध होतं, हे खरं. पण ही सावधगिरी सरसकट असते, एखाद्या ठरावीक रोगापुरती नसते. तिचा व्यवहारातला उपयोग प्र. १४ मध्ये आहे.

२. खतपाणी चांगलं असेल, पीक जोमदार असेल तर रोग येत नाही ना?

येतो. भातावरचा करपा तर नत्र जास्त झालं की वाढतो, हे गगनबावडा-राधानगरीकडच्या कुणालाही विचारा. उपाशी, पाण्याचा ताण बसलेलं पीक काही रोगांना लवकर बळी पडतं, तेवढं मान्य. पण या पानावर ज्या प्रतिकारकतेबद्दल लिहिलंय तिचा जोमाशी फारसा संबंध नाही. ती ओळखीवर चालते. जंतू ओळखता आला तर मरतुकडं रोपही त्याला अडवतं. नाही आला तर काळंभोर, तरारलेलं पीक त्याच्यासाठी ताट वाढून ठेवतं.

३. ही प्रथिनं पेशीत नेमकी असतात कुठे?

दोन ठिकाणी. काही पेशीपटलात बसलेली असून त्यांचं तोंड बाहेर असतं, तर काही पेशीच्या आतल्या द्रवात असतात.

बाहेर तोंड असलेली प्रथिनं जंतूंच्या सर्वसाधारण खुणा ओळखतात, उदाहरणार्थ बुरशीच्या भित्तिकेतलं कायटिन किंवा जिवाणूच्या कशाभिकेतलं फ्लॅजेलिन. ॲराबिडॉप्सिस हे मोहरीच्या कुळातलं छोटं रोप, प्रयोगशाळांचं लाडकं. त्यातलं एफएलएस२ हे प्रथिन २००० साली सापडलं. ते फ्लॅजेलिनमधला जेमतेम २२ अमिनो आम्लांचा तुकडा पकडतं. पेशीबाहेर ल्युसिन या अमिनो आम्लाने भरलेल्या, पुन्हा पुन्हा येणाऱ्या पट्ट्यांची कमान (एलआरआर), पटलातून आरपार जाणारा एक धागा आणि आत कायनेज, म्हणजे दुसऱ्या प्रथिनाला फॉस्फेट चिकटवून निरोप पुढे देणारा भाग, अशी त्याची बांधणी आहे. भातातलं एक्सए२१ याच घराण्यातलं. आफ्रिकेतल्या मालीमधल्या रानटी भातातून आलेलं हे जनुक जिवाणूजन्य करप्याला अडवतं. १९९५ साली ते वेगळं करण्यात आलं.

बाहेरच्या या पहिल्या फळीवर मात करायला जंतू 'इफेक्टर' नावाची स्वतःची प्रथिनं पेशीत सोडतात. ती ओळखायचं काम आतल्या प्रथिनांचं. त्यांतली बहुतेक एनएलआर प्रकारची असतात (प्र. ४).

४. एनएलआरची रचना सांगा. परीक्षेला हमखास येते.

प्रथिनाच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे तीन भाग मोजायचे.

पहिला भाग निरोप पुढे पोचवतो. तो कुठल्या प्रकारचा आहे त्यावरून एनएलआरचे गट पडतात: टीआयआर, सीसी (पिळाच्या मळसूत्रांचा) आणि आरपीडब्ल्यू८ सारखा सीसी. मधला भाग एनबी-एआरसी, म्हणजे कळ. प्रथिन शांत असतं तेव्हा इथे एडीपी हा पेशीच्या ऊर्जाव्यवहारातला छोटा रेणू बसलेला असतो. चालू होताना तो सुटतो आणि त्याचाच एक फॉस्फेट जास्त असलेला भाऊ, एटीपी, येऊन बसतो. शेवटचा भाग एलआरआर, प्र. ३ मधल्यासारख्याच पट्ट्यांचा. बऱ्याच प्रथिनांत ओळखीचं काम हाच करतो आणि एरवी कळ दाबली जाऊ नये म्हणून तिला धरूनही ठेवतो.

गुण मिळवून देणारे दोन मुद्दे. मधल्या भागात 'पी-लूप' नावाची जागा आहे. ती बिघडवली की प्रथिन सहसा निकामी होतं. त्याच भागाच्या शेवटी 'एमएचडी' ही तीन अमिनो आम्लांची खूण आहे. तिच्यात बदल झाला की अनेकदा उलटं घडतं, जंतू नसतानाही प्रथिन चालू राहतं आणि झाड स्वतःच्याच पेशी मारत सुटतं.

आणि एक फरक, जो विद्यार्थी हटकून विसरतात: टीआयआर गटाची एनएलआर गवताच्या कुळात नाहीत. म्हणजे ऊस, भात, ज्वारी, गहू, मका यांत ती शोधू नका. सोयाबीन, तूर, टोमॅटो, बटाट्यात ती सापडतात.

५. पहिलं प्रतिकारक जनुक एनएलआरचंच होतं ना?

नाही. १९९२ साली मक्यातलं एचएम१ वेगळं झालं. ते बुरशीचं विष मोडणारं विकर बनवतं, ओळखबिळख काही नाही. १९९३ मध्ये टोमॅटोतलं पीटीओ आलं, ते कायनेज निघालं. एनएलआरची रांग १९९४ पासून लागली.

६. एनएलआर चालू झालं की पुढे काय होतं?

हे कोडं पंचवीस वर्षं अडून होतं. २०१९ मध्ये चिनी संशोधकांनी ॲराबिडॉप्सिसमधल्या झेडएआर१ या एनएलआर प्रथिनाची रचना क्रायो-इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने उलगडली, तेव्हा चित्र दिसलं. हे प्रथिन ज्या जिवाणूला ओळखतं तो कोबीवर घाण्या रोग आणणारा. चालू झाल्यावर पाच झेडएआर१ वर्तुळात जुळतात. या जुळणीला 'रेझिस्टोसोम' म्हणतात. पाचांची टोकं मधून बाहेर येऊन पेशीपटलात घुसतात. २०२१ मध्ये दाखवलं गेलं की तिथे कॅल्शियमसाठी वाट तयार होते. पेशीत कॅल्शियम शिरतं, बचावाची जनुकं जागी होतात आणि शेवटी पेशी मरते. गव्हातलं एसआर३५ हे खोडावरच्या तांबेऱ्याविरुद्धचं प्रथिनही अशीच पाचांची जुळणी करतं, हे २०२२ मध्ये समजलं.

टीआयआर गटाची तऱ्हा निराळी. तिथे चार प्रथिनं जुळतात आणि विकर बनतात. ते विकर एनएडी हा पेशीच्या ऊर्जाव्यवहारातला रेणू तोडतं. त्या तुकड्यांपासून बनलेले छोटे निरोप्ये रेणू ईडीएस१ नावाच्या प्रथिनामार्फत मदतनीस एनएलआरपर्यंत पोचतात. ही मदतनीस मंडळी मग पटलात वाट पाडतात. रस्ते दोन, पण शेवट बराचसा सारखा.

७. प्रतिकारक वाणाच्या पानावर करपलेले ठिपके पडलेत. वाण पडला का?

लगेच तसं म्हणू नका. जंतू शिरलेली पेशी आणि तिच्या आजूबाजूच्या थोड्या पेशी झाड स्वतःच मारतं. तांबेरा, भुरी यांसारख्या बुरशींना जिवंत पेशीतूनच अन्न मिळतं, पेशी मेली की त्यांची उपासमार होते. त्यामुळे बारीक, कोरडा, न पसरणारा ठिपका हा बऱ्याचदा प्रतिकार यशस्वी झाल्याचा पुरावा असतो.

सोयाबीनच्या तांबेऱ्यात हा फरक भिंगाने दिसतो. पान उलटं करा. ठिपके लालसर-तपकिरी, फोड अगदी कमी आणि भुकटी जवळपास नाही, तर प्रथिन काम करतंय. ठिपके फिकट, मातकट रंगाचे, त्यांवर भरपूर फोड आणि बोट फिरवलं की तपकिरी भुकटी लागते, तर बुरशी मजेत आहे. फोटोवरून हे सांगता येत नाही, विशेषतः पानाच्या वरच्या बाजूचा फोटो असेल तर. जिवाणूजन्य पुटकुळ्याही लांबून तांबेऱ्यासारख्याच दिसतात, पण त्यांतून भुकटी निघत नाही.

८. एका प्रतिकारक जनुकाला एकच रोग का कळतो? सगळ्यांना चालेल असं का नसतं?

रोगच काय, बऱ्याचदा त्या रोगाचा एखादाच वंश कळतो. प्रतिकारकता मेंडेलच्या नियमांनी पुढच्या पिढीत जाते हे रोलंड बिफन यांनी १९०५ मध्ये गव्हाच्या पिवळ्या तांबेऱ्यावर दाखवलं. पुढे अमेरिकेत नॉर्थ डाकोटामध्ये हॅरोल्ड फ्लोर यांनी १९४० च्या दशकात जवस आणि त्याचा तांबेरा या दोघांचेही संकर करून पाहिले. झाड आणि बुरशी अशा दोन्ही बाजूंची अनुवंशिकता एकाच वेळी तपासायची, हे त्यांचं मोठेपण. झाडातल्या प्रत्येक प्रतिकारक जनुकाला जोडीचं एक जनुक बुरशीत असतं आणि दोन्ही हजर असतील तरच प्रतिकार होतो, असा निष्कर्ष निघाला. 'जनुकास जनुक' सिद्धांत तो हाच. बुरशीतलं ते जनुक म्हणजे आपल्या भाषेत इफेक्टरचं जनुक.

९. पण जंतूंचे इफेक्टर असंख्य आणि झाडाकडे एनएलआर मोजकी. मग पुरतं कसं?

फार चांगला प्रश्न, आणि प्र. ८ मधला सिद्धांत इथे अपुरा पडतो. ॲराबिडॉप्सिसमध्ये एनएलआर सुमारे दीडशे, भातात पाचशेच्या आसपास. प्रत्येक इफेक्टरला एक असा हिशेब केला तर भागणारच नाही.

युक्ती अशी की बरीच एनएलआर इफेक्टरला थेट ओळखतच नाहीत. चोराचा चेहरा कशाला लक्षात ठेवायचा, दाराचं कुलूप शाबूत आहे का तेवढं बघायचं. ॲराबिडॉप्सिसमध्ये आरआयएन४ नावाचं प्रथिन आहे. वेगवेगळे जिवाणू आपापल्या इफेक्टरने त्याच्याशी छेडछाड करतात. एक इफेक्टर त्याचे तुकडे करतो, दुसऱ्यांमुळे त्याच्यावर फॉस्फेट चढतं. आरपीएस२ आणि आरपीएम१ ही दोन एनएलआर या एकाच प्रथिनावर नजर ठेवून असतात. तुकडे झाले तर पहिलं चालू होतं, फॉस्फेट चढलं तर दुसरं.

काही झाडं याहून पुढे गेली आहेत. जंतूला ज्यावर हल्ला करायचा असतो त्याची नक्कल समोर ठेवायची. झेडएआर१ असंच चालतं. घाण्या रोगाचा जिवाणू पीबीएल२ या बिनमहत्त्वाच्या नकलेवर हात टाकतो आणि तिथेच सापडतो. भातातल्या आरजीए५ मध्ये तर नक्कल एनएलआरलाच जोडलेली आहे. करप्याच्या बुरशीचा इफेक्टर तिला चिकटतो आणि आरजीए४ हे जोडीदार प्रथिन मोकळं सुटतं. मला स्वतःला या सगळ्या विषयात हा भाग सर्वांत आवडतो, म्हणून उत्तर लांबलं.

१०. सुरुवातीला वाण तांबेऱ्याला चांगला होता, आता पडतो. बियाण्यात भेसळ झाली का?

भेसळ असू शकते, पण पहिला संशय बुरशीवर घ्या. वाण तोच आहे, बदलली आहे ती बुरशी. इफेक्टरच्या जनुकात एखादा बदल झाला किंवा ते जनुकच गळालं की एनएलआरला ती दिसेनाशी होते. अशी एक बुरशी लाखो एकरांवर तोच वाण असलेल्या मुलखात आली की तिला अडवणारं कुणी नसतं. वाण जितका लोकप्रिय, तितकी त्याची प्रतिकारकता लवकर संपण्याचा धोका मोठा.

उदाहरणं दूरची नाहीत. उत्तर प्रदेशात को ०२३८ या उसाने उतारा आणि टनेज दोन्ही दिलं, बहुतेक क्षेत्र त्याच्याखाली गेलं. पुढे लाल कूज रोगाच्या सीएफ १३ या वंशाने त्याला जमीनदोस्त केलं. गव्हात राय या धान्यातून आणलेलं एसआर३१ जगभर वापरात होतं. १९९८ मध्ये युगांडात त्याला न जुमानणारा खोडाचा तांबेरा दिसला, तोच यूजी९९. आपल्या जवळ महाबळेश्वरला गव्हाच्या तांबेऱ्यावरचं संशोधन केंद्र आहे. त्याचं महत्त्व यावरून लक्षात यावं.

तांबेऱ्याची बुरशी जिवंत पानाशिवाय तगत नाही. बारा महिने कुठे ना कुठे सोयाबीन उभं ठेवलं तर तिला वर्षभर आसरा मिळतो, आणि बदलायला वेळही.

११. मग टिकाऊ प्रतिकारकता नसतेच का?

असते, पण ती बहुधा एनएलआरची नसते. गव्हातलं एलआर३४ जवळपास शतकभर टिकून आहे आणि पानाचा तांबेरा, पिवळा तांबेरा, भुरी या तिन्हींवर चालतं. २००९ मध्ये ते वेगळं केल्यावर कळलं की ते पटलातून पदार्थांची ने-आण करणारं प्रथिन बनवतं. ते रोग थांबवत नाही, त्याचा वेग कमी करतं आणि तेही मोठ्या झाडात. रोपावस्थेत तपासलं तर "काही उपयोग नाही" म्हणून कुणीही फेकून दिलं असतं.

दुसरा मार्ग म्हणजे एकाच वाणात अनेक जनुकं रचणं. 'इम्प्रूव्हड सांबा मसूरी' या भातात एक्सए२१, एक्सए१३ आणि एक्सए५ ही तिन्ही आहेत. जिवाणूला तिन्ही एकदम चुकवावी लागतात.

१२. पिशवीवरच्या 'प्रतिकारक', 'मध्यम प्रतिकारक', 'सहनशील' यात फरक काय?

प्रतिकारक: जंतू वाढतच नाही किंवा नगण्य वाढतो. मध्यम प्रतिकारक: वाढतो, पण हळू. सहनशील: जंतू वाढतो, तरी उत्पादन फारसं घटत नाही. सहनशील वाणावरून रोग शेजारच्या रानात जाऊ शकतो, हे लक्षात असू द्या. आपल्याकडे तांबेऱ्यासाठी सांगितले जाणारे कसबे डिग्रजचे फुले संगम (केडीएस ७२६) यांसारखे वाण घेतले तरी 'फवारणीची गरजच नाही' असा अर्थ काढू नका. आणि कुठल्या रोगाला प्रतिकारक, हे विचारल्याशिवाय पिशवी उचलू नका (प्र. ८).

१३. काही प्रतिकारक जनुकं अप्रभावी, म्हणजे दोन्ही प्रती असतील तरच गुण दाखवणारी, असतात असं वाचलं. प्रथिन बनत नसेल तर प्रतिकार कसा?

कारण तिथे झाड जंतूला ओळखत नाही, त्याची सोय काढून घेतं. भातावरचा जिवाणू पेशीच्या केंद्रकात आपला इफेक्टर पाठवून साखर बाहेर सोडणारं 'स्वीट' जनुक चालू करतो आणि ती साखर खातो. एक्सए१३ असलेल्या भातात या जनुकाची कळ बदललेली असते, जिवाणूचं बोट तिथे बसत नाही. दोन्ही प्रती बदललेल्या असल्याशिवाय उपयोग नाही, एकही जुनी प्रत उरली तर साखर सुरू. म्हणून हा गुण अप्रभावी. बार्लीतलं एमएलओ हे जनुक बंद पडलं की भुरीला पेशीत शिरणं जमत नाही. युरोपात १९७९ पासून अशी बार्ली घेतली जाते आणि ती आजही टिकून आहे.

याच्या उलटही घडतं. पेशी मारून खाणाऱ्या बुरशींसाठी एनएलआर म्हणजे आयतं हत्यार असतं. ज्वारीतला पेरिकोनिया बुरशीचा रोग पीसी नावाच्या एनएलआरमुळेच होतो. बुरशीचं विष ते चालू करवतं, पेशी मरतात, बुरशी जेवते. ज्या ज्वारीत हे जनुक गळालं ती बचावली. म्हणजे प्र. ७ मधला 'पेशी मारा' हा उपाय प्रत्येक रोगाला लागू नाही.

१४. दुकानात 'प्रतिकारशक्ती वाढवणारं' औषध मिळतं. ते खरं असतं का?

काही रसायनं, उदाहरणार्थ सॅलिसिलिक आम्लाची नक्कल करणारं ॲसिबेन्झोलार-एस-मिथाइल, किंवा कायटिनपासून केलेलं कायटोसान, झाडाला खरोखर सावध करतात. पण बियात नसलेलं एनएलआर कुठलीही बाटली देऊ शकत नाही. शिवाय सावध राहण्याची किंमत असते. ॲराबिडॉप्सिसमध्ये नुसतं आरपीएम१ असलेल्या रोपांना, रोग नसताना, बी सुमारे ९ टक्क्यांपर्यंत कमी आलं होतं. रोग आधीच पसरला असेल तर यावर पैसे घालू नका.

१५. सूत्रकृमीला प्रतिकारक टोमॅटो घेतला, तरी उन्हाळ्यात मुळांना गाठी आल्या. का?

उष्णतेमुळे. टोमॅटोतलं एमआय-१ हे एनएलआर जमिनीचं तापमान २८ अंशांच्या वर गेलं की ढिलं पडतं. तंबाखूतलं मोझॅक विषाणूविरुद्धचं 'एन' जनुकही साधारण त्याच तापमानाला हार मानतं. एप्रिल-मे मधल्या लागवडीत या गुणावर विसंबू नये. आच्छादनाने जमीन थंड राहिली तर थोडी मदत होते.

१६. भात, गव्हात इतकी जनुकं सापडली, मग उसात का नाही?

कारण उसाचं जनुकीय घर अवाढव्य आहे. गोड ऊस आणि काटक रानटी काशी गवत यांच्या संकरातून आजचे वाण आले. को २०५ हा कोइमतूरचा सुरुवातीचा संकर १९१८ चा. आजच्या उसात गुणसूत्रं शंभराहून जास्त असतात, प्रत्येक जनुकाच्या अनेक प्रती, त्याही दोन वेगळ्या पूर्वजांकडच्या. फ्लोर यांच्यासारखं सरळ गणित इथे बसत नाही. ठळक अपवाद म्हणजे तपकिरी तांबेऱ्याविरुद्धचं ब्रू१, जे आर ५७० या वाणात सापडलं. त्या वाणाचा जीनोम २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला आणि ब्रू१ च्या जागी संशय दोन जोडकायनेज प्रथिनांवर आहे, एनएलआरवर नाही.

शिवाय ऊस कांडीने लावतात, म्हणजे अख्ख्या गावात एकच झाड लाखो वेळा उभं असतं. काणी, गवताळ वाढ यांसारखे रोग बेण्यातूनच येतात. वाण कितीही चांगला असो, बेणेमळा स्वतंत्र ठेवा आणि खोडव्यातलं बेणं वापरू नका.

१७. आजरा घनसाळसारखे देशी वाण आपोआप प्रतिकारक असतात ना?

आपोआप नाही. एखादा जुना वाण एका रोगाला भक्कम आणि दुसऱ्याला कच्चा असू शकतो. त्यांची खरी किंमत विविधतेत आहे. करप्याविरुद्धचं पीआय५४ हे जनुक व्हिएतनामच्या टेटेप या जुन्या भातातून मिळालं. बाजारात त्या भाताला कुणी विचारलं नसतं.

१८. तुरीतलं जनुक सोयाबीनमध्ये घातलंय असं ऐकलं. ते बियाणं कोल्हापुरात मिळेल का?

ऐकलंत ते खरं. २०१६ मध्ये तुरीतलं सीसीआरपीपी१ हे एनएलआर जनुक सोयाबीनमध्ये घातल्यावर आशियाई तांबेऱ्याला प्रतिकार मिळाल्याचं प्रसिद्ध झालं. तूर आणि सोयाबीन दोन्ही कडधान्य कुळातली, त्यामुळे निरोप पुढे नेणारी यंत्रणा जुळली.

पण हे जनुक संकराने येत नाही, प्रयोगशाळेत घालावं लागतं. भारतात शेतकऱ्याला अधिकृतपणे पेरायला मिळणारं जनुकबदल केलेलं पीक म्हणजे बीटी कापूस. प्र. ११ मधला सांबा मसूरी या प्रकारात येत नाही. तो साध्या संकरातून, फक्त जनुकाच्या खुणा तपासत निवडलेला आहे. तेव्हा 'तुरीचं जनुक घातलेलं सोयाबीन' म्हणून कुणी पिशवी पुढे केली तर ती घेऊ नका, आणि लेबलचा फोटो काढून तालुका कृषी अधिकाऱ्यांना दाखवा.